पडलेल्या पॅस्टीची जनसुनावणी

पोर्ट मार्लो, मिशिगन
गुरुवार, १६ ऑक्टोबर

आयलीनताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? डॉक्टरांनी जिना वर्ज्य केलाय आणि तू दिवसातून चार वेळा माळ्यावर जातेस, असं नॉर्बर्टदाजींनी मला फोनवर सांगितलं. (हे त्यांनी सांगितल्याचं तुला कळू द्यायचं नाही, असंही ते म्हणाले होते. पण मी काही लपवून ठेवणारा माणूस नाही, हे तू जाणतेस.) दाजींनी पाठवलेली हेरिंग माशाच्या लोणच्याची बरणी पोचली. चव गेल्या वर्षीसारखीच आहे असं त्यांना सांग. ते कौतुक समजतील. माझं ठीक आहे. रक्तदाब होता तिथेच आहे, छपराची पन्हळ होती तिथे नाही. मंगळवारी सकाळी पहिला बर्फ भुरभुरला आणि दुपारपर्यंत वितळूनही गेला. आता त्या मंगळवारचंच सांगायचंय. तुझ्या कानावर काहीतरी आलंच असणार, पण ते एका बाजूचं असेल. मी तुला तटस्थपणे सांगतो.

तटस्थपणा हा माझ्या कामाचाच भाग आहे. कौन्सिलच्या सभेत दिव्यांची पेटी सांभाळायला लागून मला पंधरा वर्षं झाली. ज्याला काही म्हणायचंय त्याने माइकसमोर यायचं, नाव-पत्ता सांगायचा आणि तीन मिनिटं बोलायचं. मी हिरवा दिवा लावतो, अर्धं मिनिट उरलं की पिवळा, आणि वेळ संपली की तांबडा. (बिनपगारी काम. हेलन म्हणायची, जन्मभर नाही लावलेस ते दिवे आता म्हातारपणी लाव.) एक नियम मी स्वतःच घालून घेतला आहे: दिवेवाल्याला मत नसतं. पंधरा वर्षांत मी कोणाला एक सेकंद जास्त दिला नाही, एक सेकंद कमी दिला नाही. हार्वी स्टेनबर्गलासुद्धा नाही. सभेपुढे विषय कोणताही असो, हार्वी फक्त बर्फ काढणाऱ्या गाडीने आपली टपालपेटी कशी गाडली यावरच बोलतो. जुलैतही बोलतो.

त्यामुळे आपल्या धक्क्यावरच्या नव्या कन्व्हेन्शन सेंटरबद्दल गावाचं जे काही म्हणणं आहे ते सगळं मी अगदी समोर बसून ऐकलंय. तीन वर्षं. आधी चित्राबद्दल, मग पायाबद्दल, मग छपराबद्दल. छप्पर तू फोटोत पाहिलंच असशील: गंजलेल्या पोलादाचे पाच पत्रे, एकावर एक सरकलेले, कडेला मुरडलेले, आणि मधोमध फट ठेवून तिला काच. एकाचं म्हणणं, आख्खं गाव पत्रा गंजू नये म्हणून रंग लावतंय आणि हे शहाणे मुद्दाम गंज आणतायत. एका गृहस्थांनी तक्रार केली की त्या उतारावर रानबदकं बसतील आणि घाण करतील. पुढल्या महिन्यात त्यांनीच तक्रार केली की रानबदकंसुद्धा तिथे बसायला तयार नाहीत. एका बाईंनी तीन मिनिटं काहीच न बोलता चित्र उलटं धरून उभं राहून दाखवलं. मी तिघांनाही वेळेवर तांबडा दाखवला आणि घरी येऊन सूप प्यायलो.

ते छप्पर आपल्या काइसाने आखलंय, हे तुला मी सांगायला नको. काम शिकागोच्या मोठ्या कंपनीचं, पण रेघ तुझ्या भाचीची. आणि गावात त्या इमारतीला एकच नाव आहे, हेही तुला ठाऊक आहे: पडलेली पॅस्टी. कडेला मुरड घालून भाजलेली, तपकिरी, कुणाच्या तरी हातून पडून मधोमध फुटलेली. मांस-बटाट्याचं सारण तेवढं बाहेर यायचं राहिलंय. लहान पोरं हेच म्हणतात, टपालवाला हेच म्हणतो, पाद्रीबुवा एकदा प्रवचनात म्हणाले आणि मग त्यांनी माफी मागितली. काइसाला ते नाव लागलं. तिने मला तसं एकदाच सांगितलं, दोन वर्षांपूर्वी नाताळात, ताटाकडे बघत. म्हणाली, ‘बाबा, हे नाव ज्याने कोणी ठेवलं त्याला एकदा बघायचंय मला.’ मी म्हटलं, बटाटे वाढू का?

ताई, ते नाव मी ठेवलं. (बस खाली. गुडघा सांभाळ.) वर्तमानपत्रात पहिल्यांदा चित्र आलं त्या सकाळी मी डोना मेकीच्या हॉटेलात काउंटरवर बसलो होतो. पेपर डोनाने उघडला, सगळे वाकून बघायला लागले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की कोणीतरी पॅस्टी पाडलेली दिसते. छप्पर कोणाचं आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं, हे इथे स्पष्ट नोंदवतो. डोना इतकी हसली की तिला कॉफीचं भांडं खाली ठेवावं लागलं. दुपारी तिने बाहेरच्या पाटीवर खडूने लिहिलं, आजची खास: पडलेली पॅस्टी. आठवडाभरात ते गावाचं झालं आणि मी सुटलो. चित्र छापून आलं त्याच संध्याकाळी काइसाचा फोन आला, ‘बाबा, पेपर बघितलात? ते माझं आहे!’ मी म्हटलं, हो, बघितला. मग तिने मला तिकडची हवा विचारली. (फोनवर बोलायचं काम तिच्या आईचं, हेलनचं होतं. मी शेवटी हवामानाला यायचो. ती गेल्यापासून आमचं सुरुवातीपासूनच हवामान.)

आता मंगळवार. सेंटर उघडून चार महिने झाले आणि झालं असं की बाहेरगावच्या पाहुण्यांना ते फार आवडतं. दंतवैद्यांची परिषद झाली, रजई शिवणाऱ्या बायकांचं संमेलन झालं, सगळे छपराखाली उभे राहून फोटो काढतात आणि विचारतात, इथे पॅस्टीचं चित्र असलेले कॉफीचे मग मिळतात का? पर्यटन समितीचे डोळे उघडले. तिने कौन्सिलपुढे ठराव आणला की हे लाडकं नाव अधिकृत करावं, मगांवर छापावं, आणि दारापाशी पितळी पाटी लावून तीवर ज्याने हे नाव पहिल्यांदा उच्चारलं त्याचं नाव कोरावं. तो माणूस ठरवण्यासाठी जनसुनावणी. शिष्टाचार म्हणून वास्तुरचनाकारालाही बोलावणं. काइसा आली, तिसऱ्या रांगेत बसली, आणि मला बघून हात हलवला. मी पेटीच्या वायरी तपासल्या.

जे गाव तीन वर्षं त्या छपराला शिव्या देत होतं, त्यातले अकरा जण रांगेत उभे होते, शिवी आपली आहे हे सिद्ध करायला. विमावाल्या गॉर्डी बोड्रीने सांगितलं की त्याला हे नाव होडीत सुचलं आणि साक्षीला मेहुणा आणला. मेहुण्याला तारीख आठवली नाही, पण त्या दिवशी मिळालेल्या माशाचं वजन आठवलं. दंतवैद्य पेल्कोला यांचं म्हणणं, त्यांनी हे एका रुग्णाचा दात काढताना म्हटलं होतं. रुग्ण मागच्या रांगेतून उठून म्हणाला, खोटं, तुम्ही तुटलेली कवळी म्हणाला होतात. म्हाताऱ्या ट्रेझोनाबाई, चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात त्या, त्यांनी सरळ वंशाचा हक्क सांगितला. त्यांच्या पणजोबांनी इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या खाणींतून पॅस्टी या गावात आणली, तेव्हा तिच्यावरचा कुठलाही विनोद हा त्यांच्या घरचाच. मग त्या ग्रेव्हीकडे वळल्या. पॅस्टीवर ग्रेव्ही ओतणं हे पाप आहे असं त्या म्हणाल्या, मागून कोणीतरी ‘आणि केचप?’ म्हणून ओरडलं, आणि पुढची दहा मिनिटं सभागृहात इमारतीचं नाव निघालं नाही. महापौरबाईंनी हातोडी आपटली. हार्वीने तेवढ्यात टपालपेटीचं उरकून घेतलं.

मी हे सगळं छान बघत होतो. खरं सांगतो, मला मजा येत होती. अकरापैकी कोणाचंही नाव पितळेवर गेलं असतं तरी माझी हरकत नव्हती. गॉर्डीला तर मी मनातून शुभेच्छा देत होतो. तेवढ्यात डोना उठली.

ती यादीत नव्हती. ॲप्रनवर कोट चढवून आली होती. तिने नाव-पत्ता सांगितला आणि म्हणाली, ‘मी हक्क सांगायला नाही आले बाई. तीन वर्षं गप्प बसले, पण आता गॉर्डीचं नाव पितळेवर चढणार म्हटल्यावर माझ्याने राहवेना. हे कोण म्हणालं ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. माझ्याच काउंटरवर. आणि तो माणूस आत्ता या खोलीत...’

मी तांबडा दिवा लावला. चाळीस सेकंदांत.

डोनाने दिव्याकडे बघितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग माझ्याकडे. म्हणाली, ‘रूडी, माझी तीन मिनिटं नाही झाली.’ महापौरबाई वाकून म्हणाल्या, ‘रूडी, पेटी बिघडलीये का?’ मी म्हटलं, पेटी ठीक आहे. एवढंच सुचलं. आख्खं सभागृह माझ्याकडे वळलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच लोकांनी दिवा सोडून दिवेवाल्याकडे बघितलं असेल. डोना कोटाची बटणं लावत म्हणाली, ‘चला, आता मी बोलायची गरजच राहिली नाही,’ आणि जाऊन बसली.

मग काइसा माइकपाशी आली. नाव सांगितलं, शिकागोचा पत्ता सांगितला. मी हिरवा लावला. दुसरं काय करणार? ती म्हणाली, ‘माझा एकच प्रश्न आहे आणि तो दिवे लावणाऱ्या गृहस्थांना आहे. त्यांना अजून तसंच वाटतं का?’ आणि माइकपाशीच उभी राहिली.

दिवेवाला बोलत नाही, हा नियम आहे. तो मीच केलाय हेही तुला वर लिहिलं. मी पेटीकडे बघत बसलो. ताई, तीन मिनिटं किती लांब असतात हे मला ठाऊक नव्हतं. मी ती हजारो लोकांना दिली, स्वतः कधी घेतली नव्हती. पिवळा लागला. मग मी तांबडा लावला, अगदी वेळेवर, आणि ती कोट घेऊन निघून गेली. मला फार लाज वाटली. कौन्सिलने चार विरुद्ध तीन मतांनी विषय पुढच्या महिन्यावर ढकलला.

काल सकाळी मी सेंटरमध्ये गेलो. पहिल्यांदाच. (तिथे आमचा खनिजाचा धक्का होता तोवर तीस वर्षं रोज जात होतो, पण तो पाडल्यापासून पाय वळला नव्हता.) पहारेकऱ्याने विचारलं, कॉफीचा मग घ्यायला आलात का? मी म्हटलं, बसायला. त्या फटीखाली एक लांब बाक आहे. त्यावर बसलं की काच बरोबर डोळ्यांसमोर येते आणि पाण्याशिवाय काही दिसत नाही, ना गाड्या, ना गॉर्डीची जाहिरात. छपराबद्दल मी तीन वर्षं सगळ्या गावाचं ऐकलं, पण हे कोणी सांगितलं नव्हतं. बहुतेक कोणी बसलंच नसावं. मी दुपारच्या जेवणापर्यंत बसलो आणि घरी आलो. असं सगळं आहे. तू काळजी करू नकोस. दाजींना नमस्कार.

तुझा,
रूडी

ता. क. काइसा शिकागोला परतताना तुझ्याकडे थांबली आहे, हे मला माहीत आहे. काल फोन केला तेव्हा दाजी म्हणाले, ती बाहेर गेलीये. मागून तिचा आवाज येत होता, ती त्यांना मीठ मागत होती.

ता. क. दुसरा. हे पत्र तिला दाखवू नकोस. यात मी आहे त्यापेक्षा बरा दिसतो.

ता. क. तिसरा. वर एक गोष्ट मी स्पष्ट नोंदवली आहे, ती खोटी आहे. छप्पर कोणाचं हे मला माहीत होतं. पेपरात चित्र येण्याच्या आदल्या नाताळात ती स्वयंपाकघरात बसून केक भाजायचा कागद दुमडत होती, पाच घड्या, एकीवर एक, संध्याकाळभर. मी भांडी पुसत बघत होतो. पेपरमध्ये चित्र दिसलं आणि मी ओळखलं. छातीत असं काहीतरी झालं की मला वाटलं हे आता काउंटरवर सगळ्यांना दिसणार. आपल्या गावात आपल्या पोरीचं कौतुक आपण करत नाही, तू जाणतेस. आणि बाकीचे हसतील याची इतकी धास्ती वाटली की मीच आधी हसून घेतलं.

ता. क. चौथा. तिच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. अजून नाही आणि तेव्हाही नाही, एक दिवससुद्धा नाही. एवढं तिला सांग. किंवा नको, तू सांगू नकोस. रविवारी चर्चहून आल्यावर मी फोन करीन. तू उचल, माझ्याशी एक शब्द बोलू नकोस, आणि तिच्या हातात दे. मी हवामान विचारणार नाही.