खिडकीतली चौथी मेणबत्ती

डनमॅनवे, कॉर्क
८ नोव्हेंबर १९५७

प्रिय विनीताई,

देव आणि मरियामाता तुझ्या घरी नांदोत. इकडे आम्ही बरे आहोत. दलदलीतून काढलेलं पीट यंदा नीट वाळलं नाही, चुलीत जळतं कमी आणि धुमसतं जास्त. कोंबड्यांनीही हात आखडता घेतलाय. लोकर पोचली. लिव्हरपूलला एवढी स्वस्त मिळत असेल तर आणखी घेऊन ठेव.

एक विचारते, रागावू नकोस. ऑगस्टमध्ये तू आली होतीस, तेव्हा गोठ्याच्या भिंतीपाशी यांच्याशी इतका वेळ काय बोलत होतीस? मी खिडकीतून बघत होते. चहा घेऊन आले तर दोघंही गप्प.

विचारायचं कारण असं. मृतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ होती. मी चूल झाडली, दाराची कडी काढून ठेवली, घरच्या गेलेल्यांसाठी टेबलावर पाण्याचा वाडगा ठेवला. खिडकीत मेणबत्त्या लावल्या. एक सासऱ्यांची. एक डोनलभावजींची, ज्यांना एकवीस साली, स्वातंत्र्याच्या लढ्यात, इंग्रज शिपायांनी कुंपणाशी गोळी घातली. आणि यंदा पहिल्यांदाच एक सासूबाईंची. हात धुऊन आले तर चौथी जळत होती. माझी नव्हे, मी असलं पिवळं, वाकडं थोटूक घरात ठेवत नाही.

जपमाळ झाली. हे नेहमीप्रमाणे एकेकाचं नाव घेऊ लागले. तीन नावं झाली, मग नुसतेच खोकले. चौथं नाव आलंच नाही.

ताई, आधी वाटलं, आपल्या लूकची आहे. आणि लगेच वाटलं, हा सापळा आहे. या घरात लूकचं नाव कोण घेईल? तेरा वर्षं मी ते मनातल्या मनात घेते आहे. इंग्रजांच्या वर्दीत इटलीत मेलेला भाऊ, आणि भिंतीवर डोनलभावजींची तसबीर. आपला लूक लंडनमध्ये काम करताना पडून मेला, असंच मुलांनाही सांगितलंय.

दुसऱ्या दिवशी धार काढताना हॅनावन्संना विचारलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" त्या म्हणाल्या. "मी माझ्या मरणाला तरी मेणबत्ती लावीन की नाही, शंकाच आहे."

"मग कोणी लावली?"

"तुझ्या माहेरचं कुणी वाट चुकून आलं असेल. थेडीला विचार. नवरा तुझा आहे ना?"

माहेरचं नाव त्यांनी का काढलं? म्हणजे यांना लूकचं खरं मरण ठाऊक आहे, असं मी धरलं. मग तुझी आठवण झाली आणि ती गोठ्याची भिंत.

शेवटी यांनाच विचारलं. हे बुटांना ग्रीस लावत होते. मान वर न करता म्हणाले, "बार्टकाकाची आहे."

"अमेरिकेत खाणीत गेले ते?"

"खाण कसली? पंधरा साली गॅलिपोलीच्या लढाईत. बोटीतून उतरता उतरता, पाण्यातच. आईनं शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही. आता आई नाही."

"कुणाच्या वर्दीत?"

यांनी दुसरा बूट उचलला.

"कुणाच्या वर्दीत, म्हणते मी."

"तुला माहीत आहे कुणाच्या."

मग मी विचारलं, "आणि लूक?"

"तो तुमच्या घरचा," हे म्हणाले. "तुमच्याच घरी लावा त्याची."

आपलं घर विकून किती वर्षं झाली, हे यांना माहीत नाही का? विकायला हेच तर बरोबर आले होते. मी एवढंच म्हटलं, "इंग्रजांच्याच राजाचे शिपाई होते दोघं. तुमचा गेला तो स्वर्गाच्या दाराशी, आणि माझा वाटेवरच उभा का?" हे बूट तसेच टाकून गायींकडे गेले.

त्या संध्याकाळी मी नवी, आशीर्वादाची मेणबत्ती काढली आणि त्या पिवळ्या थोटकाच्या शेजारी लावली. जपमाळेनंतर यांनी तीन नावं घेतली. हे थांबले तिथं मी मोठ्यानं म्हटलं, "बार्थोलोम्यू लेहेन. आणि लूक हर्ली, इटलीच्या युद्धात पडलेला." मुलं माझ्याकडे बघत राहिली.

मग वन्संचाच आवाज आला, "प्रभू त्यांना चिरविश्रांती देवो." त्या असं का म्हणाल्या, मला अजून कळत नाही. त्या फुकट कुणाला काही देत नाहीत. यांनी उत्तर दिलं नाही. पण उठून मेणबत्ती विझवलीही नाही. गेल्या चारही संध्याकाळी मी नाव घेतलंय आणि रोज यांच्या ओठांकडे बघितलंय.

मुलांना काल सगळं सांगितलं. मामा कसा दिसायचा, हे धाकटीनं विचारलं. तुझ्याकडे त्याचा वर्दीतला फोटो असेल तर पाठव, लपवून नको, उघड्या पाकिटात. आणि भिंतीपाशी काय बोललात तेही लिही. गायीबद्दल होतं, असं लिहू नकोस.

लूकची आणि तुझी धाकटी बहीण,
डेलिया हर्ली
(लग्नानंतर पहिल्यांदाच हे आडनाव लिहिते आहे)