मुळासकट माकडशिंग

२२ सप्टेंबर २००४, कवठे येमाई

शाळा सुटल्यावर माळावर उरलीसुरली माकडशिंगं बघायला गेले, तर सगळीकडे खड्डेच. धनगरवाड्यातली सखूमावशी ती बोटभर जाडीची हिरवी खोडं मुळासकट उपटून पोत्यात भरत होती.

"मावशी, मुळं तरी ठेवायची!" मी ओरडलेच.

"यापारी म्हनला, मुळासकट पायजे. शहरातली मान्सं बारीक व्हायला खात्यात म्हनं." ती हसली. "मेंढरांमागं असताना आमी भूक मारायला खायचो. पर निस्तं शेंडं मोडायचो, बाई."

म्हणजे तिला कळत होतं. तरी तिला दोष कसा देऊ? पोतं तिला उचलवेना. शेवटी मीच ते स्कूटीवरून सडकेपर्यंत पोचवलं. मुळासकट. वर तिनं दिलेला आशीर्वादही गुमान घेतला.