कार्ड कोणाकडे आहे

सोमवार, २ जानेवारी १९८९

लागली एकदाची नोकरी! सदरमधल्या एका धर्मादाय दवाखान्यात, रेकॉर्ड रूममध्ये, कम्प्युटरवर. उमरेडहून आणलेली ट्रंक इतवारीत आत्याच्या पलंगाखाली सरकवली आणि दहाच्या ठोक्याला हजर झाले. आमच्या घरात आजवर सगळ्यांनी मागावर बसून पोट भरलं. खुर्चीवर बसणारी मी पहिली. आत्याने गल्लीत सांगून ठेवलंय की पोरगी दवाखान्यात साहेब झाली, आणि मीही ते दुरुस्त केलेलं नाही.

खोलीला दोन मालक आहेत. एक कम्प्युटर, त्याला एसी लागतो, पडदे लागतात, चपला बाहेर काढाव्या लागतात. दुसरे नानाजी, तीस वर्षं इथेच असलेले रेकॉर्डकीपर, त्यांना तंबाखूच्या खर्र्याशिवाय काही लागत नाही. त्यांच्या पाठीमागे लाकडी कपाट आहे, अक्षरवार खणांचं, प्रत्येक पेशंटचं एक कार्ड. त्यांचा नियम असा, की ज्याने कार्ड काढलं त्याने त्या जागी आपल्या नावाची लाकडी पट्टी उभी करायची. पट्टी दिसली म्हणजे कार्ड बाहेर आहे, आणि ते परत येईस्तोवर दुसऱ्या कोणी त्यावर काही लिहायचं नाही. दुपारी त्यांनी माझ्याही नावाच्या डझनभर पट्ट्या निळ्या शाईने लिहून दिल्या. त्यांचा 'श' जरा लंगडा आहे.

मग त्यांनी माझंच कार्ड काढून दाखवलं! सात वर्षांची असताना बाबांनी मला इथेच आणलं होतं. वर लाल शाईत लिहिलंय, पेनिसिलिन चालत नाही. एका सुईने मी जायचीच बाकी राहिले होते म्हणे. कम्प्युटरमध्ये पहिलं रेकॉर्ड मी स्वतःचंच भरलं.

गुरुवार, १९ जानेवारी

अकराशे कार्डं टाइप करून झाली. बोटं दुखतात, पण छाती फुगलीय.

आता तीन मशीन वायरने जोडल्या आहेत. एक नोंदणीच्या खिडकीत, एक मधुकररावांच्या लॅबमध्ये, एक माझी. डॉक्टरसाहेबांना माझी फाइल तिन्हीकडे दिसायला हवी. कंपनीचा माणूस म्हणाला, हा प्रोग्राम एका वेळी एकानेच वापरायचा आहे, तिघांसाठीचा वेगळा घ्यावा लागेल, तो यायला सहा महिने. साहेबांचा चेहरा पडला. मी म्हटलं, फाइल तिघांच्या सामाईक डिस्कवर टाकून बघू की. टाकली, आणि तिन्हीकडे उघडली. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

नानाजी तेवढे कोपऱ्यातून म्हणाले, "काहून वं पोरी, तुह्या मशिनीत पट्टी कुठं ठेवतेत?" सगळे हसले, मीही हसले.

मंगळवार, ३१ जानेवारी

नानाजी निवृत्त झाले. शाल, नारळ, चिवडा. कार्डं दुपारी रद्दीवाल्याच्या हातगाडीवर गेली. कपाट रिकामं उभं आहे, त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही. जाताना नानाजी त्याच्यावर हात फिरवत राहिले. मला उगीच अपराध्यासारखं वाटलं, मग त्याचाच राग आला.

बुधवार, ८ फेब्रुवारी

चित्त लागत नाही. सकाळी भरलेलं दुपारी नसतं. रुपराव नावाच्या पेशंटपुढे कोणा बाईचं वय. पत्ता मी दुरुस्त केलेला नाही, पुन्हा जुनाच.

दिवसभर बसून कारण शोधलं. मशीनवर एकच कार्ड लॅबने उघडलं आणि मीही उघडलं, तर दोघांपुढे त्याची वेगवेगळी नक्कल येते. मी माझी नोंद करून बंद करते. नंतर मधुकरराव आपली जुनी नक्कल बंद करतात, आणि ती माझ्या नोंदीवर जाऊन बसते. मशीन चकार शब्द काढत नाही. कधी दोन नोंदी एकमेकींतही मिसळतात.

साहेबांना सांगायला हवं. पण सगळ्यांसमोर शाबासकी घेतलीय मी. आणि सहा महिने कसेबसे निघतील.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

रिकाम्या कपाटात पट्टी उभी आहे, 'र'च्या खणात. निळी शाई, लंगडा 'श'. माझं नाव.

म्हटलं, म्हाताऱ्याने जाता जाता थट्टा केली. पण रुपराव 'र'मध्येच येतात. आणि काल मी हे खण पुसले होते.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

आज चार पट्ट्या. चारही माझ्या नावाच्या. त्या अक्षरांची रेकॉर्डं तपासली, प्रत्येकात एक तरी बिघडलेलं निघालं.

दुपारी मधुकररावांना सहज विचारलं, नानाजी इकडे येऊन गेले का. ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, बाई, नानाजी गेल्या शुक्रवारी वारले, आम्ही सगळे अंबाझरी घाटावर होतो, तुम्हाला निरोप पोचला नाही काय.

पट्ट्या उचलून टोपलीत टाकल्या. हात धुतले. पुन्हा धुतले.

सोमवार, २० फेब्रुवारी

नीट, क्रमाने लिहिते.

सकाळी 'त'च्या खणात पट्टी. फाइल बघितली. तुळसाबाई, वय बावन्न, रामटेक, कालच वॉर्डात भरती. तिच्या कार्डावरही लाल शाई होती, मला पक्कं आठवतं, कारण माझ्यानंतर तीच दुसरी. फाइलमध्ये मात्र पेनिसिलिन 'चालते'. अकरा चाळीसला मी 'चालत नाही' केलं. वॉर्ड जिना उतरून वीस पावलांवर आहे. जाऊन तोंडाने सांगता आलं असतं. पण सिस्टरने विचारलं असतं, चुकलं कसं. मी केलेली दुरुस्ती पुरेशी आहे असं मनाला समजावलं आणि डबा खाल्ला.

बारा वाजता मधुकररावांनी तिचं उघडं असलेलं कार्ड बंद केलं. एक वाजता तिला सुई दिली.

दीड वाजता तिची सून जिन्यात ओरडत होती.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

साहेब म्हणाले, हृदय कमजोर होतं. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

फक्त मला माहीत आहे. मला आणि कपाटाला.

आत्याने विचारलं, "जेवत काहून नाही वं? कोणी बोललं का तुले?" मी सांगितलं, उन्हाने डोकं दुखतंय. फेब्रुवारीत.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

पट्ट्या मोजणं सोडलं. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की कपाट दिसतं. फाइल फक्त माझ्या मशीनवर ठेवून बाकी दोन्हीकडे बंद करायला गेले तर नोंदणीतून फोन, काम अडलंय, चालू करा. केलं.

सोमवारी साहेबांना सगळं सांगणार. नोकरी गेली तर गेली. माग आहेच घरी.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

'श'च्या खणात पट्टी.

माझं नाव असेल म्हणून धीर करून खण पुढे ओढला आणि पट्टी उचलली. खणाची पत्र्याची मूठ तुटकी, तळहात चिरला, बरंच रक्त. पट्टीवर माझं नाव नाही.

तीच निळी शाई. तुळसाबाई.

म्हणजे माझं कार्ड तिच्याकडे आहे.

रविवार, २६ फेब्रुवारी

हात कोपरापर्यंत सुजलाय. ताप. आत्या रिक्षात घालून इथेच घेऊन आली— दुसरीकडे चल म्हटलं, तर म्हणाली, "आपला दवाखाना सोडून कुठं जाशीन?"

वही आणि लाल पेन मागून घेतलं. डाव्या हाताने लिहिते.

सोमवार, २७ फेब्रुवारी, दुपार

वॉर्डात नवी सिस्टर आहे. मला ओळखत नाही. तिच्या हातात फाइलमधून छापलेला कागद. नाव शामला. वय बावन्न. गाव रामटेक. पेनिसिलिन— चालते.

मी सांगितलं, मी तेवीसची, उमरेडची, मला चालत नाही. ती म्हणाली, तापात असंच बोलतात, कम्प्युटरमध्ये बघूनच देतो आम्ही.

आत्याला मधुकररावांकडे धाडलं. त्यांचा निरोप आला, केली दुरुस्ती, निर्धास्त राहा.

दुरुस्ती— त्याच वेळी दुसऱ्या कोणी माझं कार्ड उघडलेलं असेल तर—

साहेबांना बोलवा म्हटलं. ऑपरेशनमध्ये आहेत. आत्याला बाहेर काढलं. भेटीची वेळ संपली.

चार वाजता

सिस्टरने नवा कागद आणला. वय बावन्न. रामटेक.

शेजारच्या खाटेवर कोणी नव्हतं मघाशी. आता एक बाई बसलीय. पाठमोरी. हातात पिवळं कार्ड, वर लाल शाई— मी मागितलं. ती देत नाही. सिस्टर तिच्या अंगावरून हात नेऊन बाटली उचलते, सिस्टरला ती दिसत नाही—

स्पिरिटचा वास.

वहीत मोठ्या अक्षरांत लिहिते, हेच तिच्या डोळ्यांपुढे धरते, लाल शाईत, वाचेल, वाचायलाच हवं—

माझं नाव शामला. मला पेनिसिलिन चालत