बोलावल्याशिवाय आत गेलो

उस्मानाबाद, १९५८

मेहेरबान सेक्रेटरी साहेब,

क्लबाचा शिपाई जैनोद्दीनचा सलाम. तुमी माफीनामा मागितला म्हणून लिहायला बसलो. मेंबरांनी बोलावल्याशिवाय शिपायानं खेळाच्या हॉलात जायचं न्हाय, हा कायदा म्या निजामाच्या अमदानीपासून पाळला. परवा मोडला. इंजिनेर साहेबांच्या हातातली रॅकेट धरली, हे बी कबूल.

पण माफी कशाची मागू, तेच समजंना. साहेब डाव हरले अन् एक लेकरू हसलं. पहिला फटका पाठीवर बसला होता. दुसरा बसायच्या आत म्या आत शिरलो.

कुणाचं लेकरू, हे तुमी विचारलंच न्हाय.

तिनं रडत मला कसम घातली, "चाचा, घरी सांगू नका. बाबा त्यांच्याच हाताखाली आहेत." आठ वर्षांच्या पोरीला हे कुणी शिकवलं, साहेब?

सांगावं तर तिची कसम मोडते. न सांगावं तर ती रोज हितं येणार. कायच सुधरंना, म्हणून हा कागद तुमास्नी न देता माझ्या पेटीतच ठेवतो.

आज तुमी तुमच्या शकूला बोट धरून आणलं अन् म्हणालात, "इंजिनेर साहेबांच्या पाया पड." ती पडली. वाकताना तिनं दात आवळले. तुमी साहेबांकडं बघत होता.

तुमचा ताबेदार,
जैनोद्दीन