उभी गाडी खोटं बोलते

प्रिय अप्पा,

त्र्यंबकच्या गुरुजींची गाडी आज गेली, पण पाटीवरची त्यांची तक्रार अजून पुसवत नाही. पुसण्याआधी तुम्हाला सगळं सांगावंसं वाटलं. आठ महिने मी तुमच्याशी मनातसुद्धा धड बोलले नाही. भीती वाटायची. तुम्ही पहिलं काय विचाराल, ते मला ठाऊक होतं.

आधी गॅरेजचं सांगते. चालू आहे. शटर मी रोज नऊला उघडते. पण आत आलेली गाडी बाहेर जात नाही. काम होतं, आणि मला ‘झाली’ म्हणता येत नाही. चाकाचे नट तिसऱ्यांदा आवळून बघते. ब्रेक ऑइल पुन्हा बघते. एक चक्कर मारून आणते आणि तरी वाटतं, काहीतरी राहिलंय. एका बाईंची साधी क्लचची गाडी मी अकरा दिवस अडकवून ठेवली. शेवटी त्या घरी येऊन आईला भेटल्या. त्या गेल्यावर आई म्हणाली, "गाड्या काय लोणच्याच्या बरण्या आहेत गं, मुरत ठेवायला?"

मला हसू आलं नाही. गिऱ्हाइकं तुटत चाललीत, अप्पा. असंच राहिलं तर गॅरेज बंद करावं लागेल, हे मला कळतं. पण हातून पुन्हा चूक होण्यापेक्षा बंद केलेलं बरं, असंही वाटतं.

तुम्हाला कधीच अशी भीती वाटली नाही का हो?

शाळेच्या आधी मी तुमच्याकडे शिकले. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ माझ्या कानाला लावून तुम्ही विचारायचात, "काय म्हणतंय?" मी म्हणायची, "टकटक म्हणतंय." "कुठून?" मग मी डोळे मिटून बोट दाखवायची. आणि ती पाटी! गाडी आली की गिऱ्हाईक जे बोलेल ते पाटीवर उतरवायचं, आणि काम संपेपर्यंत ती पाटी काचेमागे उभी ठेवायची. माझं पहिलं शुद्धलेखन म्हणजे लोकांच्या गाड्यांचं दुखणं. ‘खड्ड्यात गेली की म्हातारी कण्हते तशी कण्हते.’ एकदा मी हुशारी करून नुसतं ‘शॉकअप खराब’ लिहिलं, तर तुम्ही ओल्या फडक्यानं पुसून टाकलंत. "तो काय म्हणला ते लिही. तुला काय वाटतं ते नको लिहू. तुझं लिहिलंस की त्याचं ऐकू येणं बंद झालं."

दुसरा नियम त्याहून जुना. "उभी गाडी लय खोटं बोलते, शुभे. तिला जिथं दुखतं, तिथं घेऊन जायचं."

दोन्ही नियम मला पाठ होते. अक्षरं गिरवायच्या आधीपासून पाठ होते. मग त्या दिवशी कुठे गेले होते?

तुम्ही पांडवलेणीच्या पायऱ्या चढून यायचात. एक दिवस चहा पिता पिता म्हणालात, "हल्ली दुसऱ्या वळणावर इथं आवळल्यासारखं होतं. थांबलं की जातं." आणि मी काय म्हणाले? "अप्पा, तुमचा एअर फिल्टर चोक झालाय. काढून झटकू या."

तुम्ही खो खो हसलात. "झटकून काय उपयोग? गाडीच भंगारात काढायला आलीय." आई ओरडली, "मेलं तुमचं गॅरेज! घरात तरी माणसासारखं बोला!" आपण दोघं आणखीच हसलो. आपलं सगळं असंच चालायचं. आईचे गुडघे म्हणजे सस्पेन्शन, माझं डोकं म्हणजे रेडिएटर. दुसऱ्या कुठल्या घरात कोणी ‘छातीत आवळतं’ म्हणालं असतं, तर चहाचा कप खाली ठेवला असता. आपल्या घरात तो विनोद झाला.

तरी मला रात्रभर चैन पडलं नाही. सकाळी तुम्हाला दवाखान्यात नेलंच. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतं? केव्हा होतं?" तुम्ही तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "पित्त आहे, डॉक्टर. जेवण चुकलं की होतं." मी तुमच्या पाटीवर माझं लिहिलं, अप्पा. मग तुम्हाला आडवं निजवलं, तारा लावल्या, कागद बाहेर आला. कागद चांगला होता. चांगलाच असणार! तुम्ही निवांत पडला होतात. उभी गाडी ती. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि येताना द्राक्षं घेतली.

तुम्ही का गप्प बसलात? हे मला तुम्हाला विचारायचं होतं. एरवी गिऱ्हाइकाचा भाऊ मध्ये बोलला तर तुम्ही त्याला बाहेर बसवायचात. "गाडी कोण चालवतं, तू का हा?" मग माझ्यासमोरच का नाही म्हणालात, की शुभे, थांब, पायऱ्यांवर होतं, सांगू दे मला? पोरगी शिकलेली आहे, तिला कळतं, असं वाटलं का? मला तेवढंच कळत होतं जेवढं तुम्ही शिकवलं होतंत. आणि तेच मी विसरले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. नवव्या दिवशी, बॅटरी उतरलेली ती पांढरी गाडी. मी स्टिअरिंगवर, तुम्ही मागून धक्का मारताय. "सेकंड टाक! सोड!" मी क्लच सोडला, गाडी सुरू झाली. मला आनंद झाला. आरशात बघितलं, तर मागे तुम्ही दिसत नव्हतात.

तेव्हापासून एखादी गाडी माझ्या हातात बंद पडेल याची मला धास्ती आहे. म्हणूनच गुरुजींची गाडी सहा दिवस गॅरेजमध्येच होती. पाटीवर त्यांचे शब्द होते: ‘नाशिककडे यायला निघालं की सातपूरच्या आसपास हिचा जीव घाबरा होतो. पंधरा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी चालते.’ तीन गॅरेजवाल्यांनी कॉम्प्युटर लावून ‘काही नाही’ म्हणून परत पाठवली होती. मीही तेच केलं. तासतासभर उभी चालवली, कॉलेज रोडपर्यंत नेऊन आणली. एकदाही अडली नाही. पंप काढून बघितला, फिल्टर बदलला, प्लग पुसले.

आज गुरुजी एसटीनं आले. "ताई, बरी झाली असेल तर सांगा, नसेल तर आजारी द्या. माझे यजमान स्टँडवर तिष्ठत बसतात हो."

मी पाटीकडे बघितलं आणि एकदम म्हणाले, "बसा गुरुजी. जिथे जीव घाबरा होतो तिथपर्यंत जाऊ."

"आत्ता?"

"आत्ता."

त्र्यंबकच्या रस्त्याला लागलो. सातपूर गेलं, महिरावणी गेली. गुरुजी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होते. मंत्र होता की मला शिव्या, देव जाणे. अंजनेरीच्या अलीकडे, म्हणजे त्यांच्या घरापासून सातपूर जेवढं, तेवढंच गॅरेजपासून आल्यावर, गाडीनं पहिला आचका दिला. "हां! हेच! हीच तऱ्हा!" गुरुजी ओरडले. एवढे खूश झाले, जणू गाडी बंद पडली नाही, पास झाली. मी कडेला घेतली, तोवर ती गपगार.

मी उतरले आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं. आत हवा गेली, अप्पा. स्स्स करून, केवढी तरी! कोणी पाण्याबाहेर डोकं काढून श्वास घ्यावा तशी. झाकण लावलं, किल्ली फिरवली, लगेच चालू.

टाकीला हवा मिळायची जी बारीक नळी असते, तिच्या तोंडाशी कुंभारीण माशीनं चिखलाचं घर केलं होतं. गुरुजींच्या घरासमोरच्या झाडाखाली गाडी उभी असते, तिथेच त्या माशीनं डाव साधला. पेट्रोल कमी होत जायचं, आत हवा येत नव्हती, टाकी आवळत जायची. थांबलं की झिरपून थोडी हवा यायची. मग ती गॅरेजमध्ये ठणठणीत.

गुरुजी वाकून बघत म्हणाले, "म्हणजे हिला श्वास पुरत नव्हता? आणि आम्ही हिला आळशी म्हणत होतो."

मी तिथेच दगडावर बसले आणि रडले. गुरुजी बिचारे गडबडले. "अहो ताई, सापडलं ना? मग?" मी म्हणाले, "हो, सापडलं." एका तारेनं नळी साफ केली. त्यांना घरापर्यंत सोडलं, गाडी त्यांच्या दारात उभी केली, किल्ली हातात दिली आणि म्हणाले, "झाली." आठ महिन्यांत पहिल्यांदा पुन्हा नट न आवळता. एसटीनं परत येताना मात्र हलकं काही वाटलं नाही. एक माणूस चढावर थांबत होता आणि त्याच्यासोबत मी एक पायरीसुद्धा चढले नाही, हे काही कुठल्या तारेनं साफ होणारं नाही.

गॅरेजमधून घरी आणलेली पाटी आता पुसते. पुसायलाच हवी, कारण नवी तक्रार आहे.

आत्ता आई दळण घेऊन वर आली, डबा ठेवला आणि गालाला हात लावून बसली. "काही नाही गं, दाढ. जिना चढताना दुखते. बसलं की राहते." मी हसत म्हणणार होते, आई, तुझं... शब्द अगदी ओठांवर आला होता, अप्पा. गिळला.

जिना चढताना दुखणारी आणि बसलं की राहणारी दाढ असते का हो?

तिचे शब्द आहेत तसे पाटीवर लिहिलेत. माझा एकही नाही. पाटी घेऊन आत्ताच तिला दवाखान्यात नेतेय. रिक्षा खाली उभी आहे. डॉक्टर विचारतील तेव्हा तीच बोलेल, मी बाहेरच्या बाकावर बसेन. आणि तिला आडवं निजवून कागद चांगला आला, तर तो मी घडी करून पर्समध्ये ठेवणार नाही. पाटी पुढे करीन आणि म्हणेन, डॉक्टर, हिला तिथे घेऊन चला, जिथे दुखतं. हे वचन तुम्हाला.

तुमची,
शुभा