शिनोलीच्या बोअरमधला गॅस

अब्बा, घरी आपण हिंदी बोलायचो, पण मनातलं लिहायचं म्हटलं की मला शाळेतली मराठीच सुचते. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. मी आता शिनोलीच्या पुढं चाचणीच्या एका बोअरवर कामाला आहे. काळ्या दगडाच्या खूप खाली खारं पाणी लागलंय, त्यात गॅस मुरलेला आहे. पाणी वर आलं, दाब उतरला की गॅस फसफसून सुटतो. तो टाकीत वेगळा काढायचा आणि पाणी परत खाली सोडायचं. जुन्नरच्या बाजारात गोटी सोडा भरणाऱ्याच्या मुलीला हे समजावून सांगावं लागलं नाही.

तुमचं सोड्याचं यंत्र अजून डोळ्यांपुढं दिसतं. मी सात वर्षांची, तुम्ही नको म्हणत असताना पुढ्यात येऊन उभी राहते, बाटली फुटते आणि तुम्ही मला पोटाशी ओढून पाठ फिरवता. अम्मी स्वयंपाकघरात चिमट्यानं तुमच्या खांद्यातल्या काचा काढत होती आणि तुम्ही माझ्यावरच ओरडत होता, "सांगितलेलं ऐकू येत नाही का तुला?" मला तेव्हा तुमचा राग आला होता.

गेल्या मंगळवारी दुपारी टाकीच्या शेडमध्ये माझ्या कमरेचा गॅसचा मीटर वाजायला लागला. गॅस बाहेर सोडणाऱ्या पाइपात मीठ धरलं होतं आणि गॅस आतच साठत होता. त्याला रंग नसतो, वास नसतो. ज्यांच्या रानात हे बोअर आहे ते काका पंपावर असतात. ते पंख्याच्या बटणापाशी उभे होते.

"मॅडम, ते रोजच बोंबलतंय. लई घाबरता तुमी. पंखा लावतो, हवा व्हईल मोकळी."

त्या बटणाची एक ठिणगी पुरली असती.

काका बटण न दाबता बाहेर आले. शेडबाहेरचा बोअरचा व्हॉल्व्ह मी बंद केला. घाईत त्याचं चाक दोनदा निसटलं. संध्याकाळी त्यांच्या घरून भाकरी-पिठलं आलं. "पोरीनं वाचवलं राव," असं ते भेटेल त्याला सांगत होते. मी ताट तसंच झाकून ठेवलं. अजूनही शेगडी पेटवण्याआधी मी खिडक्या उघडते.

रिपोर्टमध्ये मी लिहिलंय, धोका कळताच काकांना सावध केलं. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. मी काहीच न बोलता पळाले. बांधापाशी पोचल्यावर मला काका आठवले. मागं वळून पाहिलं, तर मॅडम कुठं धावल्या म्हणून ते आपणहून दारात आले होते.