शेवटचं कडवं कोणी दिलं?

गुरु., ६ फेब्रु.
समोरच्या वंदनाच्या मुलीची हळद. आमच्या बुवापाड्यात हळद म्हणजे डीजे आलाच, घरातली भांडी थरथरतात. मी प्लेट घेऊन खुर्चीत टेकले, आणि भोंग्यातून बारकीआजीचा धवला! खाली धाडधाड ढोल, वर बारवी धरणाकडच्या माझ्या म्हातारीचा आवाज. आणि तिच्यामागून प्रत्येक ओळ झेलणारी बाई कोण? मी. मीच! प्लेट खाली ठेवली.
वंदनाची जाऊ म्हणते, ''मावशी, काय भारी गाणं आहे ना?'' भारी म्हणे.
शेवटचं कडवंही वाजलं. पूर्ण. मी जिथे कार्यक्रम करते त्या रेडिओवर ते कधीच गेलेलं नाही.

शनि., ८ फेब्रु.
दोन दिवस डोक्यात तेच. जरा सरळ मांडते.
दिवाळीच्या आधी मी आणि माझ्याबरोबर रेडिओवर बसणारे अनंतराव आजीकडे गेलो होतो, आमच्या 'ओटीवरची गाणी' या रविवारच्या कार्यक्रमासाठी. धवला म्हणजे लग्नातलं गाणं. एकीने ओळ म्हणायची, दुसरीने झेलायची. आजीची जोडीदारीण तापाने पडलेली, म्हणून मी झेलायला बसले. आजीची अट एकच, शेवटचं कडवं मांडवाबाहेर जायचं नाही. त्यात देवांना लग्नाला बोलावणं असतं. उगाच बोलावलं आणि लग्नच नाही, तर देवांनी काय करायचं? मी तिचा हात धरून शब्द दिला. मी दिला, अनंतरावांनी नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.
रेकॉर्डिंगचं मशीन अनंतरावांचं. कापाकापी त्यांच्याच कॉम्प्युटरवर. शेवटचं कडवं कापून बाकीचं गाणं त्यांनी रेडिओ केंद्रात दिलं, अख्खं त्यांच्याकडे राहिलं. माझ्याकडे काहीच नाही.
मग फुटलं कुठून? कुंपणच शेत खातंय की काय.

रवि., ९ फेब्रु.
बदलापूरला केंद्रावर. अ. नेहमीसारखे आधी येऊन बसलेले. इस्त्रीचा शर्ट, माझ्यासाठी खोकल्याच्या गोळ्या. कार्यक्रम बरा झाला. मुरबाड रोडवरच्या एका काकांचा फोन आला, कापणीची भलरी लावा म्हणाले, लावली.
नंतर चहाला मी सहज विचारल्यासारखं, ''हळदीला हल्ली काय काय वाजवतात नाही, अनंतराव?''
''काय वाजवणार! नुसता ठणाणा.'' आणि बशीत बघत राहिले.
चहा कपात होता. बशीत काय बघायचं असतं माणसाला?

मंगळ., ११ फेब्रु.
शिलाई कारखान्यातून लवकर निघाले. शेठला म्हटलं दाताला जायचंय. शेठ म्हणाला, ''दीदी, तुम्हारे कितने दांत बाकी हैं?'' मेला.
आमचा कारखाना आहे त्या कॅम्प तीनलाच हळदीच्या डीजेवाल्याचं दुकान आहे, जीन्सच्या गोडाऊनला लागून. बंटी नाव. मी म्हटलं, वो धवला किसने दिया? तो म्हणे, ''आंटी, लडकीवालों ने व्हॉट्सॲप किया. उनको किसने दिया, मुझे क्या मालूम? मस्त चल रहा है, इस सीझन में हर हल्दी में बजाया.''
हर हल्दी में! घरी येऊन वंदनाला विचारलं. तिला कुणी पाठवलं ते आठवत नाही. ''एवढं काय मावशी, गाणंच आहे ना.'' मी विषय बदलला. बोलले असते तर लग्नघरात भांडण झालं असतं.

गुरु., १३ फेब्रु.
मॅडमना फोन केला. केंद्र त्या बघतात. सगळं सांगितलं. त्या आधी ऐकून घेतात, मग बोलतात, तेव्हा भीतीच वाटते.
''सुमनताई, आपण सगळे फुकट काम करतो. गाणारी माणसं भरवशावर गातात. गाणं बाहेर गेलं असेल तर मला अनंतरावांना थांबवावं लागेल. पण तुम्ही त्यांच्याबरोबर बसता, मी नाही. तुमची खात्री असेल तरच. सोमवारी नाही, पुढच्या सोमवारी सांगा.''
म्हणजे अ. राहायचे की जायचे ते माझ्या तोंडून. कंपनीतून रिटायर झाल्यापासून त्या माणसाला दुसरं काही नाही. बायको गेली. आठवडाभर रविवारची वाट बघतात, स्वतःच सांगतात.
आणि मी बारकीआजीचा हात धरला होता त्याचं काय?

रवि., १६ फेब्रु.
नको ते केलं. लाइव्हमध्ये. मधे दोन मिनिटं मोकळी होती, मी माइक ओढला आणि म्हटलं, ''मंडळी, गाणं भरवशावर मिळतं. काही माणसं तो भरवसाच विकून खातात.'' नाव घेतलं नाही. पण काचेपलीकडे मशीनवर बसलेली मुलगीसुद्धा अनंतरावांकडे बघायला लागली.
त्यांनी पुढचं गाणं लावलं. नंतर श्रोत्यांचे मेसेज वाचले, आवाज अगदी नेहमीचा. चहाला थांबले नाहीत. गोळ्या मात्र टेबलावर ठेवून गेले.
चोर असा शांत राहतो का? की चोरच असा शांत राहतो?
राग आला. लाजही वाटली. राग जास्त.

शुक्र., २१ फेब्रु.
कॅम्पात शुक्रवारची सुट्टी. एसटीने बारवीकडे. उतरून पुढे चालत, भाताची शेतं नुसती खुंटं उरलेली. आजीला सांगायचं होतं की तुम्हाला दिलेला शब्द मोडला, मला माफ करा.
सांगितलं. आजी हसायलाच लागली. तोंडात एकही दात नाही.
''मांडवात वाजला ना गो? मंग झाला की.''
''पण आजी, डीजेवर!''
''देवाला काय, ढोल नाय चालत? मीच दिला बाय. लगीनघरचा माणूस धवला मागाला आला तर नाय बोलाचा नसतंय. आमच्यात पाप हाय ते. आदी मी जायची. आता पाय नाय चालत, तर फोन जातंय.''
मला वाटलं होतं आजी रडेल.
''पण शेवटच्या कडव्यासकट गाणं तुमच्याकडे आलं कुठून?''
''अनंतानं घातला नातीच्या फोनात. दिवालीलाच.''
''मला नाही बोलले ते.''
''तो बोलला, सुमनबायला नका सांगू. ती धा प्रश्न इचारंल.''
कानाखाली बसावी तसं झालं. दहा प्रश्न म्हणे! विचारते, मग? कुणीतरी विचारायला नको?
तरी बरं वाटलं. खरंच. वाटलं, चला, सुटलो. सोमवारी मॅडमना सांगते, माझंच चुकलं.
नात एसटीपर्यंत सोडायला आली. दहावीला आहे, चुणचुणीत. मी म्हटलं, तुझ्या फोनमधलं ते गाणं ऐकव गं जरा. तर म्हणे, ''तो फोन बिघडला, मावशी. नवीनमध्ये नाही आलं.'' आणि चालता चालता, ''काका पण परवा हेच विचारत होते, फोनमधल्या गाण्याचं आजीला आठवतंय का.''
''कुठले काका?''
''रेडिओवाले. आलेले ना परवा. आजीशी बोलत बसलेले किती वेळ.''
एसटी आली. चढले. तिकीट काढायचंच विसरले, कंडक्टर ओरडला.

शनि., २२ फेब्रु.
एक : आजी खरं बोलली. मग अ. निर्दोष, आणि मी लाइव्हमध्ये एका भल्या माणसाला चोर म्हटलं.
दोन : अ. परवा जाऊन आजीला पढवून आले. आजी त्यांना लेकासारखं मानते, त्यांच्यासाठी सहज बोलेल. दिवाळीत फोन, तो फोन नेमका बिघडला... किती छान बसतं सगळं.
पण धवला अडवायचा नसतो, हे आजी कुणी पढवलं म्हणून बोलली नसणार. ते तिच्या आतूनच आलं. की तेवढं खरं आणि बाकीचं...
भाजी करपली.

रवि., २३ फेब्रु.
कार्यक्रमाआधी विचारलंच. दार लोटून.
''तुम्ही बारवीला गेला होतात.''
''हो.''
''माझ्या आधी.''
''तुम्ही जाणार हे माहीत होतं. सहा वर्षं शेजारी बसतोय, ताई.''
''आजीला काय सांगितलंत?''
''की तुम्हाला वाटतंय मी गाणं विकलं. तिने खरं काय ते सांगावं, एवढंच.''
''मग दिवाळीत मला का नाही सांगितलंत?''
ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ''सांगितलं असतं तर तुम्ही विश्वास ठेवला असता?''
मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात समोरचा लाल दिवा लागला. ''नमस्कार मंडळी,'' ते म्हणाले. मीही म्हणाले. तासभर आम्ही दोघं हसतखेळत बोललो. ऐकणाऱ्याला वाटलं असेल, काय जोडी आहे! एका बाईंचा मेसेजही आला तसा. अनंतरावांनी तो वाचून दाखवला.
जाताना म्हणाले, ''मॅडमनी विचारलं तर जे खरं वाटतं ते सांगा. माझी भीड नको.''
भल्या माणसाने हेच म्हटलं असतं. चोरानेही.

सोम., २४ फेब्रु.
मॅडमचा फोन कारखान्यात आला. मशीनचा आवाज म्हणून जिन्यात गेले.
''काय सुमनताई, रविवारी बसणार ना?''
''हो, मी बसणार आहे.''
''आणि अनंतराव?''
जिन्यात खालून कापडाचे तागे घेऊन हमाल येत होता. मी भिंतीला चिकटून त्याला वाट दिली. 'खात्री असेल तरच' म्हणाल्या होत्या मॅडम, आणि माझी खात्री अजून कुठल्याच बाजूला नव्हती.